‘तिने तिचा हात तिच्या हातात घेतला’ : यातली कुठली कोण?

अबोली (धागाकर्ती)

गेल्या रविवारी आमच्या वाचनगटात माझ्या गोष्टीतलं एक वाक्य अडलं आणि पुढचे दोन तास कुणी जागची हलली नाही. वाक्य असं होतं: ‘तिने तिची ओली ओढणी तिच्या खांद्यावरून काढून तिच्या हातात दिली.’ मी वाचून दाखवलं आणि एकीने विचारलं, ‘बायका किती आहेत इथे? दोन की तीन?’ मला दोघीच दिसत होत्या. स्वारगेटला पत्र्याच्या शेडखाली, पावसात, अगदी स्वच्छ दिसत होत्या. कागदावर मात्र त्या नव्हत्याच.

आमच्याबद्दल थोडं सांगते. आम्ही सातजणी. सगळ्या लिहिणाऱ्या, सगळ्या बायकांवर प्रेम करणाऱ्या. कुणी स्वतःला लेस्बियन म्हणते, कुणी बाय (बायसेक्शुअल), कुणी सॅफिक, दोघी काहीच म्हणत नाहीत. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी तीनला पुण्यात एकीच्या घरी जमतो. दोघींना घरी ‘भिशी आहे’ असं सांगून यावं लागतं.

पहिली दोन वर्षं आम्ही पुस्तकांत स्वतःला शोधत होतो. ही माझ्यासारखी आहे का, शेवटी दोघी एकत्र राहतात का, एक मरते का. त्याची भूक होतीच, अजूनही आहे. पण लिहायला बसलं की त्या वाचनातलं काही हाताशी येईना. रडून झालेलं असायचं, पण रडवलं कसं ते कळलेलं नसायचं. मग आमच्यातली एक, जी ब्लाउज शिवते, तिने तिच्या शिकण्याची गोष्ट सांगितली. कटोरी ब्लाउज ती बघून शिकली नाही. तिच्या बाईंनी एक जुना, अंगाला नीट बसणारा ब्लाउज हातात दिला आणि म्हणाल्या, उसव. टाका न् टाका उसव, तुकडे कागदावर मांड, कडेने पेन्सिल फिरव. तेव्हा तिला दिसलं की समोरचा भाग एका तुकड्याचा नसतोच. वाटी वेगळी, बाजूचा तुकडा वेगळा, खालची पट्टी वेगळी. त्या दिवसापासून आम्ही याला ‘उसवण’ म्हणतो.

करतो ते इतकंच. एका बैठकीला दोन-तीन पानं. पहिल्यांदा एकजण मोठ्याने वाचते, तेव्हा बाकीच्यांच्या हातात पेन्सिल नसते. दुसऱ्यांदा पेन्सिल. तिसऱ्यांदा त्यातली पाच-सहा वाक्यं वहीत हाताने उतरवायची. उतरवताना जे दिसतं ते नुसतं वाचून दिसत नाही, हा माझा अनुभव.

सुरुवात ‘लिहाफ’पासून, म्हणजे ‘रजई’पासून केली. इस्मत चुगताईंची ही कथा १९४२ साली ‘अदब-ए-लतीफ’मध्ये आली आणि तिच्यावर लाहोरला अश्लीलतेचा खटला चालला. पण कोर्टात कुणालाच अश्लील शब्द दाखवता येईना. एका साक्षीदाराने काय धरलं, तर ‘आशिक’ हा शब्द! उसवताना आम्हाला त्याचं कारण सापडलं. सांगणारी मोठी झालेली बाई आहे, पण बघणारी लहान मुलगी आहे. आई आग्र्याला गेली म्हणून आठवडाभर बेगम जान या नवाबाच्या बायकोकडे ठेवलेली. तिला रात्री भिंतीवर रजईची सावली हत्तीसारखी डुलताना दिसते आणि ती घाबरते. एका ‘मी’मध्ये दोन वयं बसवली आहेत: मोठीला सगळं माहीत आहे पण ती बोलत नाही, लहान बोलते पण तिला काही माहीत नाही. उरलेलं वाचकाच्या माथी येतं. खटला भरायचा तर वाचणाऱ्याच्या मनावरच भरावा लागला असता. आणि हेही लिहायला हवं की बेगम जान त्या मुलीच्या अंगाला हात लावते ती जागा आम्हाला फार जड गेली. आपली म्हणून ही कथा कवटाळता येत नाही. दोघींनी तर ती परत वाचायला नकार दिला आणि गटाने तो मानला.

दुसरं, विजय तेंडुलकरांचं नाटक ‘मित्राची गोष्ट’, १९८१ सालचं. सुमित्रा, म्हणजे मित्रा, कॉलेजच्या नाटकात पुरुषाचं काम करते आणि नमाच्या प्रेमात पडते. पण गोष्ट सांगतो बापू, तिचा मित्र. शीर्षक दोनदा वाचा: ‘मित्रा’ची गोष्ट, आणि मित्राची, म्हणजे बापूची गोष्ट. आपल्या विभक्तीने हे करून ठेवलंय. त्यातलं प्रेम मित्राचं आहे, सांगण्याचा हक्क बापूचा. आम्ही एक दुपारभर तेच बोललो: नमाने सांगितली असती तर पहिलं वाक्य कोणतं असतं? सगळ्यांनी लिहून आणलं. माझं नीट झालं नाही, पण तिथून माझी ओढणीची गोष्ट सुरू झाली.

आता अडचण. बाई आणि पुरुष असतील तर मराठी किती सांभाळून घेते! ‘त्याने तिचा हात धरला.’ संपलं. दोघी आल्या की ती, ती, तिची, तिला. मी सगळीकडे नावं घातली, तर शाळेतली हजेरी वाटायला लागली. मग ‘उंच बाई’, ‘कुरळ्या केसांची’ असं केलं. जिच्यावर प्रेम आहे तिला कोण असं म्हणेल? गोष्ट एका दिवाळी अंकाला पाठवली होती. संपादक फोनवर म्हणाले, दोघींपैकी एकीचा पुरुष केला तर वाचकाला सोपं जाईल. मला ते फार लागलं. तरी ते नेमके ओढणीपाशीच अडले होते, हेही खरं.

तुम्ही कसं करता? लिहिणाऱ्या, वाचणाऱ्या, सगळ्यांनी सांगा.

---

रातराणी

मला त्या वाक्यात तिघी दिसल्या, आणि त्यातली एक उगीच मध्ये उभी राहिल्यासारखी. ‘आपली’ वापरून बघ. ‘तिने आपली ओली ओढणी काढून तिच्या हातात दिली.’ ‘आपली’ कर्त्याकडेच जाते. चारपैकी दोन ‘ती’ तिथेच गेल्या. खांदा तर काढूनच टाक, ओढणी कुठून काढणार दुसरीकडून?

---

उमा_करवीर

आमच्या कोल्हापूरकडं बायका सर्रास ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. माझी आजी, आई, मी, सगळ्याजणी. पुण्यात होस्टेलला आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात सगळ्या हसल्या आणि मी ‘आले, गेले’ म्हणायला शिकलो. तोंडानं शिकलो, पण मनात अजून ‘आलो’च असतं.

दोन वर्षांमागं एक गोष्ट लिहिली, प्रथमपुरुषी, माझ्या भाषेत. शाळेतली मैत्रीण लग्न होऊन जाते त्या दिवसाची. वाचणाऱ्या निम्म्यांनी सांगणारा मुलगा धरला. तिसऱ्या पानावर आई हाक मारते, ‘उमे, पाणी आण,’ तेव्हा त्यांना धक्का बसला. मला एकीनं सांगितलं, हा धक्का फार चांगला साधलाय. मी काही साधलं नव्हतं, मी आपली घरात बोलतो तसं लिहिलं होतं. पण तेव्हापासनं विचार करतोय की ‘आलो’ आणि ‘आले’ यातलं कुठलं कुठं वापरायचं हे माझ्या हातात आहे. माझी बाई पुण्यात ‘आले’ म्हणते आणि एकीजवळच ‘आलो’ म्हणते, अशी गोष्ट आता लिहायला घेतलीय.

---

निवृत्त_शिक्षिका

मी ३१ वर्षं मराठी शिकवलं. वय ६८. या विषयावर पहिल्यांदाच कुठे लिहिते आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

मुलींनो, तुम्हाला शाळेत ‘प्रयोग’ रटाळ वाटला असेल. आता तो परत काढा. कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या मागे जातं. ‘मी पत्र लिहिलं.’ लिहिणारी बाई की पुरुष, वाक्य सांगत नाही. भावे प्रयोगात तर क्रियापद कुणाच्याच बाजूने उभं राहत नाही. ‘मी तिला पाहिलं.’ पाहणारी कोण, हे कळायला वाक्यात जागाच नाही. ‘मला आवडलं’, ‘मला भीती वाटली’, हेही तसंच. भविष्यकाळातही लिंग नाही: ‘मी येईन’, ‘तू येशील’. समोरच्या व्यक्तीशी बोलतानाही ‘तू हात धरलास’ म्हणता येतं, धरणारी कोण ते उघड होत नाही.

मी तरुणपणी एका व्यक्तीला उद्देशून कविता लिहीत असे. सगळ्या कविता अशाच वाक्यांत लिहिलेल्या आहेत. घरात कुणी वाचल्या तरी काही कळलं नाही. तेव्हा मला वाटे, मी वृत्त सांभाळते आहे.

एक गोष्ट मात्र अडायची. काही क्रियापदं सकर्मक असूनही भूतकाळात कर्त्यालाच धरून राहतात. त्यातलं एक ‘विसरणे’. ‘मला आठवलं’ म्हटलं तर बाई लपते. ‘मी विसरले’ म्हटलं की ती उघडी पडते. त्यामुळे माझ्या कवितांत आठवण फार आहे, विसरणं कुठेच नाही.

---

रातराणी

बाई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. शक्य असेल तर त्यातली एक कविता इथे द्याल का?

---

निवृत्त_शिक्षिका

इथे नाही देत. तुमच्या गटात कधी आले तर वाचून दाखवीन.

---

अबोली

बाई, या. कधीही या. पुढचा रविवार कळवते, न्यायला मी स्वतः येते.

---

मांडवीकाठ

पणजीहून. मराठीत लिहिते, घरी कोंकणी. आमच्याकडे धाकट्या मुलीला, आपल्याहून लहान बाईला ‘ती’ नाही म्हणत, ‘तें’ म्हणतात. तें आयलें, तें गेलें. मोठ्या बाईला ‘ती’. त्यामुळे वयाने अंतर असलेल्या दोघी असतील तर कोंकणीत तुमचा प्रश्न उठतच नाही, एक ‘ती’ आणि एक ‘तें’. मराठीत लिहायला बसले की ही सोय जाते आणि मला हात बांधल्यासारखं होतं.

माझी आई मला अजून ‘तें’ म्हणते, मी ३९ वर्षांची. शेजारणीला सांगते, ‘तें अजून येवंक ना.’ माझी सोबतीण माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पहिली काही वर्षं आई तिला ‘ती’ म्हणायची. पाहुणी म्हणून, परकी म्हणून. गेल्या चवथीला पंगत वाढताना आईने मला विचारलं, ‘तें जेवलें?’ मी वाढणं हातात घेऊन तशीच उभी राहिले. हे मला कथेत आणायचं आहे, पण मराठी वाचकाला समजावून सांगायला गेलं तर मरतं. कुणी मार्ग सांगेल का?

---

टाका

मीच ती ब्लाउजवाली. मांडवीकाठ, समजावू नका. आधी दोन-तीनदा नुसतं येऊ द्या. आई लेकीला ‘तें’ म्हणते, दुसरीला ‘ती’ म्हणते, एकदा भांडी घासताना, एकदा फोनवर. वाचकाच्या कानात ते बसलं की मग पंगत. मार्जिन आधी सोडावं लागतं, मागाहून कापड जोडता येत नाही.

---

मुक्ता_नांदेड

मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. मला ‘लिहाफ’ १९ व्या वर्षी सापडली. आमच्या इथे तेव्हा विचारायला कुणी नव्हतं. ती कथा मी उशीखाली ठेवून झोपले आहे. तुम्ही ती टाका न् टाका उसवता म्हटल्यावर पोटात कसंतरी झालं. कारागिरी शिकायला दुसरी पुस्तकं आहेत की. हे एवढंच आपल्याकडे आहे, तेही तुकडे करून कागदावर मांडायचं?

---

अबोली

मुक्ता, राग कसला गं. पहिलं वाचन बिनपेन्सिलीचं ठेवलं ते याचसाठी. ते वाचन ज्याच्या-त्याचं. त्यात कुणी कुणाला ‘का आवडलं’ असंही विचारत नाही.

पण उसवलेला ब्लाउज परत शिवता येतो. मला वाटलं होतं सावलीचा हत्ती नंतर नुसती युक्ती दिसेल. तसं झालं नाही. आता ती ओळ आली की मुलीची भीती दिसते आणि तिच्यामागे उभी असलेली लेखिकाही दिसते, जिने एवढं सगळं ठाऊक असून तोंड मिटलंय. मला दुसरीमुळे पहिली जास्त आवडायला लागली. आणि दुसरी पुस्तकं घ्या म्हणतेस, ती घेतो आम्ही. पण दोन बायकांना एका वाक्यात कसं बसवायचं, हे दोन बायका असलेल्या पानावरच शिकता येतं.

---

मुक्ता_नांदेड

पहिलं वाचन कुणाला विचारत नाहीत, हे बरंय. विचार करते.

---

पिंपळपान

एक उलटा मुद्दा. ‘तिने तिचा हात तिच्या हातात घेतला’ हे वाक्य चूकच आहे असं का धरायचं? कुणाचा हात कुणाच्या हातात हे कळेनासं होतं, असा क्षण खरोखर असतो. बाई-पुरुषाच्या गोष्टीत मराठी तो क्षण लिहू देत नाही, सर्वनाम लगेच दोघांना वेगळं काढतं. आपल्याला ती सवलत मिळाली आहे. ती का सोडायची?

---

अबोली

सोडायची नाहीच. पण तिथे पोचेपर्यंत दोघी वेगळ्या दिसायला हव्यात ना? माझ्या गोष्टीत त्या पहिल्या ओळीपासूनच मिसळलेल्या होत्या, मग मिसळण्याला काय अर्थ राहिला. चार पानं स्वच्छ लिहायची, आणि एका वाक्यात सोडून द्यायचं. एकाच.

व्हर्जिनिया वूल्फच्या ‘मिसेस डॅलोवे’त (१९२५) असा एक प्रसंग आम्ही उसवला. क्लॅरिसा पन्नाशीपुढची झाली आहे आणि तिला तरुणपणीची सॅली आठवते. गच्चीसारख्या जागेत फिरताना सॅली थांबते, एक फूल खुडते आणि तिचं चुंबन घेते. मूळ पानावर हे अगदी थोडक्यात आहे. पुढचीच गोष्ट म्हणजे पुरुष येतात, बोलतात, आणि अंधारात दगडी भिंतीवर तोंड आपटल्यासारखं तिला होतं. आम्ही वहीत उतरवलं तेव्हा कळलं, चुंबनाआधी कितीतरी वेळ नुसती सॅली दिसते: तिचं बोलणं, तिची फुलं मांडायची तऱ्हा, तिचं भान नसणं. दुसरी बाई आधी पुरती उभी केली आहे, म्हणून तो एक क्षण पुरतो.

---

बोरिवली_लोकल

पॅट्रिशिया हायस्मिथची ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’ घ्या एकदा. १९५२, क्लेअर मॉर्गन या टोपणनावाने. पूर्ण कादंबरी थेरीसच्या खांद्यावरून दिसते. कॅरलच्या मनात काय आहे ते आपल्याला कधीच थेट कळत नाही, हातमोजे, सिगरेट, गाडी चालवणं, एवढंच. इंग्रजीतही दोघींना ‘शी’च, तरी गोंधळ होत नाही, कारण बघणारी ठरलेली आहे. आणि शेवटी कुणी मरत नाही! तेवढ्यासाठी वाचकांनी लेखिकेला पत्रं लिहिली होती, तिने स्वतः नंतर नोंदवलंय.

मला वाटतं अबोली, तुझं कोडं सर्वनामांचं कमी आणि खांद्याचं जास्त आहे. ओढणी कोण बघतंय?

---

अबोली

हा प्रश्न घेऊन चार दिवस फिरले. मी दोघींच्या मधोमध उभी राहून लिहीत होते. आता सुजाताच्या बाजूला गेले. मॅडम तिच्या बँकेत वरच्या पदावर, पंधरा वर्षांनी मोठ्या. मग आपोआप ‘त्या’ आणि ‘ती’ वेगळ्या झाल्या, आदरार्थी बहुवचनाने माझं अर्धं काम केलं. नवा उतारा देते:

‘पत्र्यावर पाऊस वाजत होता. मॅडमनी ओली ओढणी काढून सुजातापुढे धरली. “केस पूस आधी.” त्यांचा स्वतःचा खांदा भिजून काळा झाला होता. ओढणीला त्यांच्या डब्यातल्या लिंबाच्या लोणच्याचा वास होता. सुजाताने केस पुसले आणि ओढणी परत दिली नाही. त्यांनी मागितली नाही. साताऱ्याची गाडी लागली, भरली, सुटली.

“गेली की गं तुझी गाडी,” ती म्हणाली.’

---

टाका

बसलं. काखेतही ओढत नाही.

---

निवृत्त_शिक्षिका

शेवटच्या ओळीतलं ‘ती’ पाहिलं. वर सगळीकडे ‘त्या’, आणि तिथे ‘ती’. सुजाताला अजून कळलेलं नाही, पण वाक्याला कळलं आहे.

---

उमा_करवीर

आमच्याकडं आजी गोष्ट सांगताना एकीला ‘ही’ आणि दुसरीला ‘ती’ म्हणायची. ‘ही म्हणाली तिला.’ जी जवळची ती ‘ही’. अबोली, पुढं कधीतरी तुझ्या मॅडम ‘ही’ होतील का?

---

अबोली

शेवटच्या पानावर. एकदाच. अजून लिहिलेलं नाही.

पुढच्या बैठकीला लेखिका सुनीती नामजोशी घेतोय. जन्म १९४१, मुंबई. घराणं फलटणच्या राजघराण्याशी जोडलेलं. १९६८ मध्ये त्यांनी सरोजिनी नामजोशींसोबत गोविंदाग्रजांच्या कविता इंग्रजीत आणल्या होत्या. ‘फेमिनिस्ट फेबल्स’ १९८१ चं, म्हणजे ‘मित्राची गोष्ट’चंच वर्ष. एकेक गोष्ट पान-अर्ध्या पानाची, म्हणून एका दुपारी तीन-चार उसवता येतील. बोरिवली_लोकल, ‘कॉन्व्हर्सेशन्स ऑफ काऊ’ची प्रत आहे का तुझ्याकडे? त्यातली भद्रावती गाय टाकाला दाखवायची आहे.

बाई, रविवारी अडीचला खाली येते. कवितांची वही आणा.

---

निवृत्त_शिक्षिका

दोन वह्या आहेत. निळी आणते.